गर्भाशयमुखाचा कर्करोग व त्याची वेळच्या वेळीं पाहणी

शेतकऱ्यांच्या मासिकांत बायकांच्या दुखण्याचा विषय कशास, असा प्रश्न कांहीं वाचकांच्या मनांत येईल. त्यांस आमचें नम्र उत्तर असें कीं, ज्या घरची धनीण अंथरुणास खिळली त्या घरची शेती फार दिवस धड चालत नाहीं. बीं-बियाणें राखणें, गुरांचें वैरणपाणी, धारा, निंदणी, खुरपणी, वेंचणी, आणि या सर्वांवर घरचा स्वयंपाक, एवढीं कामें जिच्या अंगावर आहेत तिची प्रकृति हा शेतीचाच विषय होय. आपण बैल घेतांना त्याचे दांत पाहतों, पावसाळ्यापूर्वीं जनावरांस घटसर्प व फऱ्या यांची लस टोंचून घेतों, कपाशीवर बोंडअळी येते कीं काय हें कळावें म्हणून शेतांत सापळे लावतों. परंतु घरच्या बाईस तीस वर्षें उलटल्यावर एकदां तरी कोणी तपासलें आहे काय, असें विचारलें तर शंभरांतील अठ्ठ्याण्णव घरांतून नाहीं असेंच उत्तर येईल. हा आंकडा आमच्या पदरचा नव्हे. २०१९ ते २०२१ या सालांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत, तीस ते एकुणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यांत कधींहि झाली आहे अशा स्त्रिया सर्व देशांत शेंकडा दोनहूनहि कमी निघाल्या.

आम्ही वैद्य नव्हे व डॉक्टरहि नव्हे. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों, व आंकडे ताडून पाहण्याची संवय तेवढी हातास राहिली. त्या नोकरींत वारसाच्या नोंदी पुष्कळ हातांखालून गेल्या. त्या कागदावर मृत्यूची तारीख असते, कारण नसतें. पण चाळिशी-पन्नाशींतल्या बाईची नोंद आली आणि सहज चौकशी केली म्हणजे पुष्कळदां एकच हकीकत कानीं येई : अंगावरून जात होतें, बाईनें तें अंगावर काढलें, सुगी झाल्यावर पाहूं म्हटलें, आणि मोठ्या दवाखान्यांत नेलें तोंवर वेळ गेली होती. त्यांतील प्रत्येक बाईस कोणता रोग होता हें सांगण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु या हकीकतीशीं तंतोतंत जुळणारा असा एक रोग आहे, तो टाळतां येतो, आणि टाळण्याचा उपाय तालुक्याच्या गांवापलीकडे नाहीं. त्याचीच माहिती येथें देत आहों.

रोग कोणता व किती

गर्भाशयास आपल्याकडे 'पिशवी' म्हणतात. त्या पिशवीचें तोंड जेथें खालच्या बाजूस उघडतें तो भाग म्हणजे गर्भाशयमुख. तेथें होणारा कर्करोग हा हिंदुस्थानांतील स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाखालोखाल दुसरा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें आपल्या देशांत त्या एका वर्षांत सुमारें एक लक्ष सत्तावीस हजार स्त्रियांस हा रोग नव्यानें झाला व सुमारें ऐंशीं हजार स्त्रिया त्यानें दगावल्या. हिशेब केला तर दर तासास नऊ मृत्यु पडतात. आणि हा म्हातारपणाचाच रोग आहे असेंहि नाहीं. मुलें शाळेंत आहेत, मुलीचें लग्न व्हावयाचें आहे, अशा ऐन संसाराच्या वयांत तो पुष्कळ बायकांस गांठतो.

रोगाचें कारण व त्याची मंद गति

या रोगाचें कारण पुष्कळ दिवस कळलेलें नव्हतें. १९८३ सालीं हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेनें अशा गांठींत एका सूक्ष्म विषाणूची जात शोधून काढली. त्या विषाणूच्या कुळास 'ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस', थोडक्यांत एच.पी.व्ही., असें नांव आहे. या शोधाबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. या कुळांत शंभरांहून अधिक जाती आहेत. त्यांपैकीं सोळा व अठरा या क्रमांकांच्या दोन जातींमुळेंच या रोगाचे सुमारें शेंकडा सत्तर प्रकार उद्भवतात.

हा विषाणु स्त्री-पुरुषसंबंधांतून येतो. एवढें वाचून कोणी घरांत संशय घेऊं नये. कारण विवाहित स्त्री-पुरुषांपैकीं बहुतेकांस तो आयुष्यांत केव्हां ना केव्हां लागलेला असतो, आणि पडशाप्रमाणें बहुतेकांच्या शरीरांतून दोन वर्षांच्या आंत आपोआप निघूनहि जातो. पुरुषाच्या अंगीं तो काडीचाहि त्रास न देतां राहूं शकतो. तो केव्हां आला व कोणाकडून आला हें कोणत्याहि तपासणीनें सांगतां येत नाहीं. म्हणून या रोगावरून बाईच्या चालचलणुकीची चर्चा करणें हें अज्ञान तर आहेच, पण अन्यायहि आहे.

थोड्या स्त्रियांच्या बाबतींत मात्र विषाणु जात नाहीं. ठाण मांडून बसतो. मग गर्भाशयमुखावरील कातडीसारख्या थरांत हळूहळू फरक पडूं लागतो. या फरकापासून प्रत्यक्ष कर्करोग होईपर्यंत सामान्यतः दहा ते वीस वर्षें जातात. लहान वयांतील लग्न, पुष्कळ बाळंतपणें, धूम्रपान, व शरीराची रोगप्रतिकारशक्ति कमी करणारे एच.आय.व्ही.सारखे रोग यांनीं धोका वाढतो. आतां वाचकांनीं विचार करावा. जो रोग येण्यापूर्वीं दहा-वीस वर्षें सूचना देतो असा दुसरा कोणता रोग आहे? तांबेरा एका आठवड्यांत शेत खातो. हा शत्रु दहा वर्षें बांधावर उभा असतो. अडचण एवढीच कीं त्या काळांत बाईस दुखत नाहीं, खुपत नाहीं, कांहींच कळत नाहीं. कळतें तें तपासणाऱ्यासच.

बार्शी व उस्मानाबाद येथील काम

हें सर्व परदेशांतील पुस्तकी ज्ञान आहे असें कोणी समजूं नये. या रोगाविषयीं जगास मार्गदर्शक ठरलेलें मोठें काम आपल्याच बार्शी व उस्मानाबादच्या दुष्काळी मुलखांत झालें आहे. १९८७ सालीं बार्शी येथें ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा व भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गांवांत कोणास कर्करोग झाला याची घरोघर जाऊन नोंद ठेवणारें हें देशांतील पहिलें ग्रामीण दप्तर होय. त्या दप्तरांत स्त्रियांच्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रभागीं आढळला. कार्यकर्ते गांवोगांव जाऊन लक्षणें समजावून सांगूं लागले, तेव्हां नुसत्या त्या बोलण्यानेंहि बायका पूर्वींपेक्षां लवकर दवाखान्यांत येऊं लागल्या.

पुढें मुंबईचें टाटा स्मारक केंद्र, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं मिळून उस्मानाबाद जिल्ह्यांत, म्हणजे आतांच्या धाराशिव जिल्ह्यांत, १९९९ सालीं एक मोठा प्रयोग आरंभिला. तीस ते एकुणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यांत होत्या. गांवांचे बावन्न गट पाडून त्यांची चार भागांत वांटणी केली. एका भागांत विषाणूची तपासणी, दुसऱ्यांत पेशींची काचेवरची तपासणी, तिसऱ्यांत ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनीं करावयाची तपासणी, व चौथ्यांत नेहमींची व्यवस्था, म्हणजे विशेष तपासणी नाहीं, अशी योजना होती. तपासणी प्रत्येक बाईची एकदांच केली व आठ वर्षें सर्वांवर लक्ष ठेवलें. निकाल २००९ सालीं प्रसिद्ध झाला.

त्यांतील आंकडे शेतकऱ्यानें स्वतः ताडून पाहावे असे आहेत. विषाणु-तपासणीच्या भागांत ३४,१२६ स्त्रिया होत्या. त्यांपैकीं या रोगानें ३४ दगावल्या. तपासणी न झालेल्या भागांत ३१,४८८ स्त्रिया होत्या. त्यांपैकीं ६४ दगावल्या. म्हणजे हजारीं एक व हजारीं दोन. रोग पुढच्या पायरीवर गेल्यावर सांपडलेल्या स्त्रिया पहिल्या भागांत ३९ व दुसऱ्यांत ८२ होत्या. आयुष्यांत एकदांच, कांहीं मिनिटें चाललेल्या तपासणीनें मृत्यु जवळजवळ निम्मे झाले!

येथें एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तुलनेकरितां ज्या बायकांस तपासणी दिली नाहीं त्यांच्याविषयीं पुढें पुष्कळ आक्षेप घेतले गेले, व आमच्या मतें ते उडवून लावण्यासारखे नाहींत. त्या चौसष्ट बायका आपल्याच मुलखांतील कष्टकरी होत्या. त्यांच्या मृत्यूंतून मिळालेलें ज्ञान जगभर वापरलें गेलें. मग तें ज्ञान त्यांच्याच शेजारच्या तालुक्यांत वापरलें जाऊं नये, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाहीं.

तपासणीचे तीन प्रकार

पहिला प्रकार डोळ्यांनीं पाहण्याचा. शिरक्यांत, म्हणजे व्हिनेगरमध्यें, जें आंबट द्रव्य असतें तें ॲसेटिक ॲसिड पाण्यांत अगदीं सौम्य करून कापसाच्या बोळ्यानें गर्भाशयमुखावर लावतात व एक मिनिट थांबतात. जेथें थर बिघडला असेल तेथें पांढरा डाग उठून दिसतो. सुई नाहीं, कापाकापी नाहीं, प्रयोगशाळा नाहीं. निकाल त्याच जागीं मिळतो. सरकारच्या २०१६ सालच्या योजनेंत तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांची हीच तपासणी दर पांच वर्षांनीं करावी असें ठरलें आहे.

दुसरा प्रकार डॉक्टर पापानिकोलाऊ यांच्या नांवानें 'पॅप' म्हणून ओळखला जातो. गर्भाशयमुखावरील पेशी हलक्या हातानें खरवडून काचेवर घेतात व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. यास प्रयोगशाळा व अनुभवी तज्ज्ञ लागतो.

तिसरा प्रकार विषाणूच्या तपासणीचा. मऊ ब्रशानें स्राव घेऊन त्यांत धोक्याच्या जातीचा विषाणु आहे कीं नाहीं तें यंत्रावर पाहतात. हा नमुना बाईस शिकविल्यास स्वतःचा स्वतः आडोशाला जाऊन घेतां येतो, ही मोठी सोय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं याच तपासणीस प्रथम स्थान दिलें : तिसाव्या वर्षापासून दर पांच ते दहा वर्षांनीं ती करावी, जेथें ती मिळत नाहीं तेथें पहिल्या दोहोंपैकीं एक दर तीन वर्षांनीं करावी.

यांतील भेद आम्ही आमच्या खात्यांतील उदाहरणानें सांगतों. पैसेवारी काढतांना पीक नजरेनें अजमावणें निराळें आणि पीक कापणीचा प्रयोग करून धान्य तराजूंत घालणें निराळें. नजरेचा अंदाज खोटा नसतो, परंतु तो पाहणाऱ्याच्या संवयीवर अवलंबून असतो. उस्मानाबादच्या प्रयोगांत डोळ्यांच्या व पेशींच्या एकवेळच्या तपासणीनें मृत्यु म्हणण्यासारखे घटले नाहींत. उलट तामिळनाडूंतील दिंडिगल जिल्ह्यांत शिकविलेल्या परिचारिकांनीं केलेल्या तशाच एकवेळच्या डोळ्यांच्या तपासणीनें मृत्यु शेंकडा पस्तीस कमी झाले, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालें. आणि मुंबईच्या झोंपडवस्तींत १९९८ पासून टाटा रुग्णालयानें दहावीपर्यंत शिकलेल्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनीं, अशा चार फेऱ्यांत, ही साधी तपासणी करविली; तेव्हां बारा वर्षांअखेर मृत्यु शेंकडा एकतीस कमी झाले. यावरून आम्ही असें समजतों कीं, विषाणूची तपासणी मिळत असेल तर ती करावी. न मिळेल तर डोळ्यांची साधी तपासणी चांगल्या हातून, आणि मुख्य म्हणजे पुन्हां पुन्हां, करून घ्यावी. एका सालची पाहणी पुढच्या दहा सालांस पुरत नाहीं.

या नियमितपणाचें उत्तम उदाहरण इंग्लंडचें आहे. तेथें पेशींची तपासणी १९६० नंतरच्या दशकांतच सुरू झाली होती, पण जी येईल तिची करावयाची अशी रीत होती व मृत्यूंत फारसा उतार पडला नाहीं. १९८८ सालीं सर्व स्त्रियांच्या नांवांची यादी करून मुदत भरतांच प्रत्येकीस बोलावणें पाठविण्याची व्यवस्था झाली, आणि तेव्हांपासून आंकडे झपाट्यानें उतरले. तपासणी तीच होती. सुधारलें तें दप्तर!

डाग दिसला तर काय

तपासणींत डाग दिसला किंवा विषाणु निघाला म्हणजे कर्करोग झाला असें मुळींच नव्हे. पुष्कळदां तो वरच्या थरांतील फरक असतो. अशा वेळीं दुर्बिणीसारख्या यंत्रानें तो भाग मोठा करून पाहतात व जरूर वाटल्यास तिळाएवढा तुकडा काढून तपासतात. फरक आहे असें ठरल्यास तेवढी जागा अति थंड किंवा गरम टोंकाच्या उपकरणानें कांहीं मिनिटांत नाहींशी करतात. पोट फाडावें लागत नाहीं. बहुतेक बायका त्याच दिवशीं घरीं जातात. प्रत्यक्ष रोग असला तरी पहिल्या पायरीवर तो बरा होतो. पुढच्या पायरीवर मात्र किरणोपचार, औषधें, शहरांतील मुक्काम व कामाची खोटी हें सर्व आलें. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे व योजनेंतील रुग्णालयांत आरोग्यमित्र नेमलेले असतात; त्यांस अवश्य भेटावें. तरीहि जाण्यायेण्याचा व राहण्याचा खर्च चुकत नाहीं, आणि त्यापायीं सात-बाराच्या उताऱ्यावर बोजा चढतो तो उतरावयास दुसरी पिढी लागते.

पिशवी काढण्याची घाई

तपासणी न करण्याचा एक दुष्परिणाम रोगाहून निराळा, पण तितकाच भयंकर आहे. २०१९ सालीं बीड जिल्ह्यांतील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळांत गाजला व नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांची पिशवी काढलेली आढळली. सहांत एक बाई! त्यांतील कित्येक चाळिशीच्याहि आंतल्या होत्या. अंगावरून पांढरें जातें, ओटींपोट दुखतें, म्हणून बाई दवाखान्यांत जाते. तेथें "पिशवी काढा, नाहींतर कॅन्सर होईल" एवढें ऐकवलें जातें. बाई घाबरते, मुकादमाकडून उचल घेते व शस्त्रक्रिया करून घेते. पांढरें जाण्याचीं कारणें बहुधा साध्या औषधांनीं बरीं होणारीं असतात. गर्भाशयाबरोबर बीजकोशहि काढले तर पाळी अकालीं कायमची थांबते, हाडें ठिसूळ होतात व कष्ट करण्याची शक्ति जाते.

आमचें सांगणें एवढेंच कीं, कर्करोगाची भीति घालून कोणी शस्त्रक्रिया सुचविली तर आधीं तपासणीचा लेखी निकाल मागावा व तो दुसऱ्या डॉक्टरास दाखवावा. जमिनीच्या व्यवहारांत आपण उतारा पाहिल्याशिवाय इसार देत नाहीं. मग शरीराच्या व्यवहारांत नुसत्या तोंडच्या शब्दावर सही कां करावी? आपल्यापैकीं पुष्कळांच्या उसाच्या फडांत याच बायकांनीं कोयता चालविला आहे. त्यांची चिंता आपली नाहीं असें म्हणतां येणार नाहीं.

कांहीं शंका व त्यांचीं उत्तरें

"मला कसलाच त्रास नाहीं, मग तपासणी कशास?" त्रास नसतांनाच ती करावयाची. त्रास सुरू झाल्यावर जी करतात ती रोगाची परीक्षा. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाहीं, हें शेतकऱ्याच्या घरीं निराळें सांगावयास नको.

"माझी पाळी गेली, आतां काय होणार?" पाळी गेल्यावरहि हा रोग होतो. मात्र त्या वयांत बिघाडाची जागा आंत सरकते व डोळ्यांच्या तपासणीस ती नीट दिसत नाहीं. म्हणून अशा बाईनें विषाणूची किंवा पेशींची तपासणी मागावी.

"पुरुष डॉक्टरापुढें कसें जावें?" ही तपासणी बहुधा परिचारिका किंवा स्त्री डॉक्टर करतात. तशी व्यवस्था आहे काय हें आधीं विचारून दिवस ठरवावा. लाज ही निंद्य नव्हे; तिची सोय करणें हें व्यवस्थापकांचें काम आहे.

"त्या दिवशीं काय काळजी घ्यावी?" पाळीच्या दिवसांत जाऊं नये; ती संपल्यावर जावें. दिवस गेले असल्यास तसें आधीं सांगावें. आदले दिवशीं पतिसंग टाळावा व आंत औषध घालूं नये. उपाशीं जाण्याची गरज नाहीं. मिश्री लावणाऱ्या बायकांनीं त्याच वेळीं तोंडहि तपासून घ्यावें. सरकारी योजनेंत तोंड व स्तन यांचीहि तपासणी याबरोबरच आहे.

"मुलींस लस दिली म्हणजे झालें ना?" नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींस या विषाणूची लस देणें फार हिताचें आहे, व पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेली देशी लस २०२३ पासून निघाली आहे. परंतु लस लागून गेलेल्या विषाणूस घालवीत नाहीं. आईस तपासणीच हवी. आणि लस घेतलेल्या मुलीनेंहि तिशीनंतर तपासणी सोडूं नये.

याखेरीज पुढील लक्षणांपैकीं एकहि दिसल्यास मुदतीची वाट न पाहतां त्याच आठवड्यांत दवाखाना गांठावा : दोन पाळ्यांच्या मध्यें रक्त जाणें, पतिसंगानंतर रक्त जाणें, पाळी कायमची गेल्यावर पुन्हां रक्त दिसणें, घाण वास येणारें किंवा रक्तमिश्रित पाणी अंगावरून जाणें. पाळी गेल्यावर रक्त दिसलें तर "पुन्हां पाळी आली" असें समजून घरांत हंसण्यावारीं नेतात, तें अत्यंत घातक आहे.

आपल्या संस्थेनें काय करावें

आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत. त्यांस खर्च थोडा व मेहनत बेताची लागेल.

(१) प्रत्येक गांवच्या सभासदांनीं आशाताईंच्या मदतीनें तीस ते पासष्ट वर्षांच्या स्त्रियांची यादी करावी. यादींत नांव, वय, तपासणीची तारीख व पुढील तपासणीचें साल एवढेंच असावें. निकाल मात्र यादींत लिहूं नये. तो ज्या त्या बाईच्या हातीं कागदावर मिळावा व चावडीवर त्याची वाच्यता होऊं नये.

(२) प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास लेखी अर्ज देऊन दिवस मागावा व अर्जाची पोंच घ्यावी. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते.

(३) संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवास बायका जमतात, तेव्हां परिचारिकेनें त्यांस माहिती सांगावी. ऊसतोडीस जाणाऱ्या बायकांची तपासणी दसऱ्यापूर्वीं, त्या गांव सोडण्याच्या आंत व्हावी. नंतर त्या गुढीपाडव्याच्या सुमारासच परत येतात.

(४) संस्थेनें गाडीची व्यवस्था करावी, आणि सभासदांनीं आपल्याकडील मजूर बायकांस तो दिवस रोजासकट सोडावा. एका दिवसाचा रोज हा या कामांतला सर्वांत मोठा अडसर आहे.

(५) ज्यांस पुढील तपासणीस बोलाविलें त्या खरोखर गेल्या कीं नाहीं हें एका विश्वासू वडील बाईनें महिन्याभरांत पाहावें. शिबिरें पुष्कळ होतात, फोटो निघतात, पण डाग निघालेली बाई तालुक्यास जात नाहीं आणि सर्व श्रम फुकट जातात. अर्ज दाखल झाला पण फेरफार मंजूर झाला नाहीं, तर जमीन नांवावर होत नाहीं. तशांतलाच हा प्रकार.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं असें उद्दिष्ट ठेविलें आहे कीं, २०३० पर्यंत शेंकडा नव्वद मुलींस पंधरा वर्षांच्या आंत लस मिळावी, शेंकडा सत्तर स्त्रियांची पस्तिसाव्या व पंचेचाळिसाव्या वर्षांपर्यंत चांगली तपासणी व्हावी, व रोग निघालेल्यांपैकीं शेंकडा नव्वदांस उपचार मिळावा. शेंकडा दोनावरून सत्तरावर जाणें हें सरकारच्या एकट्याच्या हातचें नाहीं. परंतु एका गांवांत तें करून दाखविणें अशक्यहि नाहीं. हजार-बाराशें वस्तीच्या गांवांत या वयाच्या बायका चारशेंच्या आंतच भरतील. दर आठवड्यास दहा गेल्या तरी वर्षांत काम पुरें होतें.

शेवटीं पुरुष वाचकांस दोन शब्द. हें मासिक बहुधा आपल्या हातीं येतें, बायकांच्या हातीं क्वचितच जातें. घरची बाई आपण होऊन "मला तपासणीस न्या" असें म्हणणार नाहीं. कामाची खोटी होईल, खर्च होईल, लोक काय म्हणतील, अशीं शंभर कारणें ती स्वतःच पुढें करील. म्हणून हा विषय आपणच काढावा. बायको, आई, वहिनी, भावजय, जी या वयांत असेल तिला हा लेख वाचून दाखवावा, दिवस ठरवावा, आणि स्वतः बरोबर जाऊन दवाखान्याच्या ओट्यावर बसावें. बी-बियाण्याच्या दुकानांत आपण अर्धा दिवस घालवितों. तेवढाच वेळ पांच वर्षांतून एकदां या कामीं दिला तर पुष्कळ घरांतील वारसाची नोंद वीस-तीस वर्षें लांबेल.